कुणी वाचलं नाही तरी चालेल

फिकट तपकिरी डबा. पुढची झडप खाली ओढली की आतून कळफलक निघतो.

रविवारी चादर वाळत घालायची नाही. पांढरं काही फडफडताना दिसलं की दमून आलेलं कबुतर ढाबळीवर उतरत नाही, गल्लीवर घिरट्या घालत राहतं, आणि तेवढ्यात शर्यत जाते.

"तुम्हीच वर्तमानपत्र ना?"

कापडातला दोष डोळ्यांना दिसण्याआधी बोटांना लागतो.

एका वर्षी पंख मोडलेला एक नर फुटपाथवरून चालत घरी आला होता. त्याच्यासाठी चौकात ट्राम थांबली असं लोक सांगतात. गिस्लेनने फक्त चालत येणं पाहिलं.

मालोला समुद्र आहे. योलांदच्या मागच्या खोलीला खिडकी आहे.

*हरवली : निळी मादी, डाव्या पंखात पांढरी पिसं. ओर्लेआंहून सोडली होती. दिसल्यास कॅफेत कळवावे.*

मंगळवारी सकाळी गिस्लेन पोस्टातून परत आली तेव्हा दारात एक तरुण उभा होता. अंगात सूट आणि पायात कॅनव्हासचे पांढरे बूट. "तुम्हीच वर्तमानपत्र ना?" असं त्याने विचारलं, जसं एखाद्याने विचारावं, इथेच पाव मिळतो ना. गिस्लेन आधी नाही म्हणाली, मग हो म्हणाली. एका अर्थी ती होती. 'रुबेचा पारवा' दर आठवड्याला निघत असे : शर्यतींचे निकाल, कबुतरं सोडली तिथलं वारं, आणि शेवटच्या पानावर हरवलेल्या-सापडलेल्या पक्ष्यांचं सदर. तिच्या नवऱ्याने, ओमेरने, ते सुरू केलं होतं आणि ओमेर गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर सायक्लोस्टाइल यंत्राचा दांडा फिरवून ते काढत होती. सोमवारी छापायचं, मंगळवारी पोस्टात टाकायचं. उत्तर फ्रान्समधल्या रुबेत कबुतरं पाळणाऱ्यांच्या घरी ते बुधवारी पोचत असे. त्या तरुणाचं नाव रेजिस फ्लामां. शेजारच्या लिल शहरातून आला होता. तिने शेगडीच्या कडेला सकाळपासून ठेवलेली चिकोरीची कॉफी त्याला दिली, आणि त्याने ती तोंड वाकडं न करता प्यायली, तेव्हा तिला कळलं की त्याला काहीतरी हवं आहे.

त्याला नंबर हवा होता. टपाल खातं टेलिफोनवाल्यांना जाडजूड डिरेक्टरीऐवजी फुकट वाटत होतं तो टेलिफोनला जोडायचा पडद्याचा डबा, मिनितेल, आजवर लोकांचे फोन नंबर सांगायचा. आता सरकारने ठरवलं होतं की त्यावर माहिती द्यायला बाहेरच्यांनाही घ्यायचं, जितके जास्त तितके बरे. पण वर्तमानपत्रवाल्यांनी आरडाओरडा केला की लोक पडद्यावरच वाचायला लागले तर आम्हाला कोण विचारील. म्हणून तोडगा निघाला : ज्याचं छापील वर्तमानपत्र आहे त्यानेच यावं. आणि नोंदलेल्या प्रत्येक वर्तमानपत्राला एक नंबर असतो. तुमच्या शेवटच्या पानावर आहे, मादाम, खाली, डाव्या कोपऱ्यात. गिस्लेनला तो नंबर ठाऊक होता तो पाठीवरच्या तिळासारखा, आहे एवढंच. त्याच्यामुळे पोस्टात तिकिटं स्वस्त पडत.

"आमच्याकडे यंत्रं आहेत," रेजिस म्हणाला. "लिलमध्ये जागा घेतली आहे, माणसं आहेत. फक्त वर्तमानपत्र नाही."

"मग काढा की एक."

"काढलं तरी नंबर मिळेपर्यंत म्हातारे होऊ. तुमच्याकडे तयार आहे."

"आणि त्या डब्यात तुम्ही कबुतरं घालणार?"

"कबुतरंही. हवामान. राशिभविष्य. शिवाय लोक एकमेकांशी बोलतील."

"काय बोलतील?"

"लोक जे बोलतात ते, मादाम."

गिस्लेनने उभी हयात लोकरीच्या गिरणीत रफूच्या खात्यात काढली होती, पोरीबायकांच्या गराड्यात. लोक काय बोलतात हे या पोराने तिला सांगायची गरज नव्हती. तिला हसू आलं, पण तिने आपला कप विसळायला घेतला.

"अट एकच," तो म्हणाला. "कागद निघत राहिला पाहिजे. दर आठवड्याला. कुणी तपासायला आलं तर दाखवायला. तुम्हाला त्रास नाही, छपाई आम्ही करू. वीस प्रती पुष्कळ झाल्या. आत काहीही टाकायचं, जुनंच टाकलं तरी हरकत नाही. कुणी वाचलं नाही तरी चालेल."

सोमवारी फोन करतो म्हणून तो गेला. जाताना त्याने रिकामा कप स्वतः उचलून मोरीत ठेवला. वाईट मुलगा नव्हता. पण त्याचं शेवटचं वाक्य टेबलावरच राहिलं, आणि गिस्लेन त्याच्यासमोर बसून राहिली, जसं घरी कुणीतरी आगंतुक यावं आणि उठायचं नाव घेऊ नये. कुणी वाचलं नाही तरी चालेल. तिने बटाटे सोलले, ते शिजायला टाकले, आणि बशीत घेतल्यावर तिच्या लक्षात आलं की मीठ घातलेलं नाही. या वाक्यात टोचण्यासारखं काय होतं ते तिला नीट सांगता आलं नसतं. तो अपमान नव्हता, कारण त्याला ओमेर ठाऊक नव्हता. ती धमकी नव्हती. उलट तिला जे हवं होतं तेच तो देत होता. कागद बंद करायचा विचार तिच्या मनात गेल्या हिवाळ्यापासून, खरं म्हणजे त्याच्याही आधीपासून, घरात शिरलेल्या ओलीसारखा पसरत होता. भिंत दिसायला कोरडी, हात लावला की गार. समुद्रकाठच्या मालोहून तिची बहीण योलांद दर शनिवारी फोन करायची. "अगं, ये की आता. खोली रिकामी पडलीय. कबुतरं तर गेली सगळी, आता त्यांची वारस म्हणून बसलीयस का?" आणि गिस्लेन दर शनिवारी म्हणायची, बघते, एवढा हंगाम होऊ दे. हंगाम होत असत. पिलांच्या शर्यती, मोठ्यांच्या शर्यती, बक्षिसं, मग हिवाळा, मग पुन्हा कबुतरांच्या टोपल्या ट्रकवर चढत, आणि सोमवारी ती यंत्रापुढे बसे.

*सापडला : तांबूस नर, दमलेला, पाणी पितो. मालकाला कळवले. मालकाचे उत्तर नाही.*

शेवटच्या हिवाळ्यात ओमेर आकडे सांगायचा आणि ती स्टेन्सिलवर ते टंकायची. पक्ष्याच्या पायातल्या कड्यावरचा नंबर लांब असतो, आधी वर्ष, मग बाकीचे आकडे, आणि ओमेरला तो एका दमात सांगता येत नसे. वर्ष सांगायचा आणि श्वास घ्यायचा. दोन-तीन आकडे, पुन्हा श्वास. ती बोटं वर धरून वाट पाहायची. त्या वाट पाहण्याची बोटांना अशी सवय लागली की आजही समोर लिहिलेला नंबर असताना तिचे हात मध्येच अधांतरी थांबत, नेमके तिथे, जिथे आता कुणी श्वास घेत नव्हतं. ढाबळीतली धूळ होती ती. पिसांची, सुकलेल्या विष्ठेची, दाण्यांच्या कोंड्याची पांढुरकी धूळ, जी ओमेरच्या टोपीवर असायची, भुवयांवर असायची, कॉफीवर सायीसारखी धरायची, आणि सरतेशेवटी त्याच्या फुप्फुसांत जाऊन बसली. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं, मस्यू देवाय्यी, कबुतरं नाहीतर फुप्फुसं, एक काय ते ठरवा. ओमेर कॅफेत येऊन सगळ्यांना सांगायचा, "मी म्हटलं, डॉक्टर, कबुतरं फक्त रविवारी परत येतात, फुप्फुसं काय रोज घरीच असतात." कॅफे हसला होता. गिस्लेनही हसली होती. राग नंतर आला, कपडे पिळताना, आणि तो कुणावर काढायचा हे कळलं नाही, कारण तोवर त्याच्या पलंगाशेजारी लोखंडी नळकांडं आणून उभं केलं होतं आणि त्यातून येणारा प्राणवायू घरात आणखी एक माणूस झोपल्यासारखा आवाज करत होता. शेवटी शेवटी तर तोच श्वास घेत असे. ओमेर फक्त त्याच्या सोबतीला होता.

कागद बंद करणं म्हणजे ते नळकांडं पुन्हा एकदा, या वेळी स्वतःच्या हाताने, बंद करणं. असं तिने कधी शब्दांत म्हटलं नव्हतं. पण दर सोमवारी यंत्राचा दांडा हातात घेताना तिला जे वाटायचं ते हेच होतं, आणि म्हणूनच रेजिस फ्लामांचा बेत ऐकल्यावर आधी तिला बरं वाटलं होतं, हे तिने बुधवारी कबूल केलं. पारवा जिवंत राहील, आणि तिला मात्र तिथे थांबावं लागणार नाही. ओमेरचं नाव, 'संस्थापक' या शब्दापुढे, दर आठवड्याला कुणीतरी छापत राहील. ती मालोला खिडकीशी बसेल. यात वाईट काय? गुरुवारी ती ट्रामने लिलला गेली, काही काम नसताना, आणि परतताना ट्राम उतारावर हळू झाली तेव्हा समोरच्या बाकावर एक माणूस तोंड उघडं टाकून झोपलेला दिसला, आणि तिला एकदम त्या वीस प्रती दिसल्या. कुठल्याशा खोलीत, कपाटावर, दर आठवड्याला वीस. जुनेच निकाल. मेलेल्या पक्ष्यांची कडी. वर ओमेरचं नाव. खालचा नंबर तेवढा चालू, आणि त्या नंबराच्या जोरावर शहरभर अनोळखी माणसं एकमेकांना नको नको ते विचारताहेत. त्याची तिला लाज वाटली नाही. विचारू देत बिचारे. पण कपाटावरचे ते गठ्ठे श्वास घेत होते. तिला ट्राममध्ये उठून उभं राहावं लागलं. शेजारच्या बाईने विचारलं, "बरं वाटत नाही का?" गिस्लेन म्हणाली, "वाटेल. दोन थांब्यांनी वाटेल."

उतरेपर्यंत तिचं ठरलं. नळकांडं तिच्या हाताने बंद व्हायचं होतं तर होऊ दे. रविवारी कॅफेत हंगामाच्या बक्षिसांचं जेवण होतं. सगळे असणार. तिथे सांगायचं.

आणि मग भीती आली, दुसऱ्याच दाराने. ती स्वतःसाठी नव्हती, त्यांच्यासाठी होती. बुधवारी पारवा आला नाही तर ही माणसं काय करतील? गिरण्या एकेक करून मिटल्या होत्या, मुलं दूर गेली होती, आणि या विटांच्या गल्ल्यांत मागच्या अंगणात ढाबळी घेऊन राहिलेल्या माणसांकडे आठवड्यातून एकदा स्वतःचं नाव छापून आलेलं पाहण्याखेरीज काय होतं? म्हाताऱ्या गास्तोंचे हात थरथरतात; तो पान उलटतो कसा हे तिला अनेकदा मनात दिसलेलं होतं. कॅफेवाला अशील पारव्याचा प्रत्येक अंक मद्याच्या बाटल्यांमागे दोरीला अडकवून ठेवी. ती त्यांच्याकडून हे काढून घेणार होती, आणि कशासाठी, तर समुद्राकडे तोंड असलेल्या खोलीसाठी. शुक्रवारी तिने वाक्य तयार केलं. शनिवारी ते लहान केलं. योलांदचा फोन आला तेव्हा तिने यातलं काही सांगितलं नाही. योलांदला सांगितलं असतं तर तिने तिथूनच बाजा वाजवला असता.

कबुतरं पाळणाऱ्यांत तोंडावर वाईट बातमी सांगायची पद्धत नाही. शर्यतीच्या रविवारी दुपारी, सगळ्यांचे पक्षी परत येऊन, वेळ नोंदवणारी घड्याळं कॅफेत जमा होऊनही एखाद्याचा आलेला नसला, तर कुणी त्याला हरवला म्हणत नाही. 'अजून हवेत आहे' म्हणतात. संध्याकाळीही तेच. सोमवारीही तेच, पाऊस कोसळत असला तरी. शेवटी मालक स्वतःच एके दिवशी गिस्लेनकडे येऊन म्हणे, "घाल बाई सदरात." ओमेरच्या मागे त्याची कबुतरं लोकांनी वाटून नेली होती, पण घरी उडणारं जुनं कबुतर दुसऱ्याच्या घरी मुरत नाही. तुर्क्वेंला नेलेलं, सीमेपलीकडे बेल्जियममध्ये नेलेलं, महिना महिना कोंडून ठेवलेलं, दार उघडताच दुसऱ्या दुपारी ओमेरच्या छपरावर हजर. नेणारे मागोमाग टोपी हातात घेऊन यायचे, जणू त्यांच्याच कुत्र्याने हिच्या अंगणात घाण केली आहे. मग त्यांनी नेणं सोडलं. ते म्हातारे पक्षी गिस्लेनने दाणे घालून सांभाळले, नाकातोंडाला फडकं बांधून. शेवटची मादी गेल्या हिवाळ्यात गेली. ढाबळ धुतली, दार काढून टाकलं. तेव्हा वाटलं होतं, आता कागदही आपोआप थांबेल. पण कागदाला पंख नसतात, तो आपोआप मरत नाही.

रविवारी कॅफेत ससा होता, सुकवलेल्या आलुबुखाऱ्यांबरोबर शिजवलेला. लांब टेबलं जोडून त्यावर कागद पसरला होता. गास्तों एका माणसाची टर उडवत होता, ज्याचा नामी नर ऑगस्टमध्ये सीमेपलीकडे उतरला तो आलाच नाही. "अरे, तो हरवलेला नाही. तिकडची बिअर बरी आहे, त्याने घर केलंय. तुझ्या बायकोचं पत्र गेलं तरी येणार नाही." "तुझा तरी आला का?" "माझा आला. माझा इतका मठ्ठ आहे की त्याला दुसरीकडे कुठे जायचं हे सुचतच नाही." गिस्लेन हसत होती आणि मांडीवर हातरुमालाची घडी घालून मोडत होती. ससा संपला की, साखरेची टार्ट यायच्या आधी, असं तिने ठरवलं होतं. बशा उचलल्या गेल्या. ती उभी राहिली. खुर्चीचा पाय फरशीवर ओरखडला, आणि सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"पुढच्या आठवड्यापासून," ती म्हणाली, "पारवा निघणार नाही. मी थांबते आहे."

वाक्य याहून लांब होतं. ओमेरचं नाव त्यात होतं, आभार होते. ते सगळं राहून गेलं. कॅफेत अशी शांतता झाली जशी शर्यतीच्या सकाळी अंगणात होते, कुणाला तरी आभाळात ठिपका दिसतो आणि सगळे श्वास रोखतात, कारण आवाज झाला तर तो उतरणार नाही. गास्तोंने बशी उचलून नेलेल्या जागेकडे नजर लावली. गिस्लेनला वाटलं, झालं, मी यांना मारलं.

"सुटलो," अशीलची बायको फेर्नांद म्हणाली. दोन्ही हातांत टार्टची थाळी घेऊन ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "सुटलो बाई एकदाचे. अशील, आता काढ ते फडकं. मला रोज धुवायचा कंटाळा आलाय."

अशील कानापर्यंत लाल झाला. बारच्या टोकाला, जिनेव्हर दारूच्या बाटल्यांशेजारी, भांडी पुसायच्या चौकटीच्या फडक्याखाली काहीतरी होतं, ज्याला गिस्लेन सगळा उन्हाळा पावाचा डबा समजत आली होती. त्याने फडकं उचललं. फिकट तपकिरी.

"जूनपासून आहे," तो म्हणाला. "तू आलीस की झाकायचो."

"का?"

"का म्हणजे?" त्याने मदतीसाठी गास्तोंकडे पाहिलं, गास्तोंने पाहिलं नाही. "मोठ्या पेपराने या डब्यावरच्या त्यांच्या जागेतली थोडी जागा आमच्यासारख्यांना दिलीय. कबुतरांच्या मंडळांना, बूलचे गोळे फेकून खेळणाऱ्यांना. रविवारी संध्याकाळी मीच टाकतो निकाल. एका बोटाने. हरवलेले पण टाकतो. आरासहून, पार कालेहून लोक शोधतात, नंबर मारला की आलं. म्हणजे तुझ्या सदराला मी नावं ठेवतोय असं नाही हं. पण बुधवारपर्यंत कोण थांबतो, पोरी?"

गिस्लेन अजून उभीच होती. "मग तुम्ही पारवा वाचता कशाला?"

फेर्नांद टार्ट कापायला लागली.

"मी तर चष्मा हरवला तेव्हापासून काहीच वाचलेलं नाही," गास्तों शेवटी म्हणाला. "ना पारवा, ना औषधाची बाटली."

"आणि वर्गणी भरतोस ती?"

"वर्गणी काय वाचण्यासाठी असते होय?"

"आम्ही त्यावर शिकोंच्या भाजीची पानं निवडतो," फेर्नांद म्हणाली. "कागद चांगलाय. शाई तेवढी हाताला लागते."

"आमच्याकडे गेल्या वर्षीपासून पाकीटच फोडत नाहीत," टेबलाच्या टोकाकडून कुणीतरी म्हणालं, आणि त्याच्या बायकोने त्याला कोपर मारलं.

"आम्हाला वाटायचं, हे गेलं तर तू सोमवारी काय करशील," अशील म्हणाला. "ओमेर नाही. कबुतरं नाहीत. एवढं एक आहे. आणि आपल्यात कुणी कुणाला तोंडावर सांगत नाही, तुला ठाऊकच आहे. अजून हवेत आहे म्हणायचं."

"कोण हवेत? मी?"

"तू नाही गं. कागद."

आधी फेर्नांद हसली. मग गिस्लेनच्या छातीत काहीतरी सुटलं आणि ते हसू आहे हे तिला आवाज ऐकल्यावर कळलं. ती खाली बसली आणि हसतच राहिली, रुमाल तोंडावर धरून, आणि गास्तों म्हणायला लागला, "पाणी द्या रे तिला, नाहीतर आज दोघंही जातील, बाई पण आणि कागद पण," तेव्हा तिला जास्तच आलं. हसण्याच्या मध्येच एका क्षणी तिला एक थंड सुई टोचली : हे सगळे सोमवार. दांडा फिरवलेले, शाईने काळे झालेले, हात अधांतरी थांबवलेले सगळे सोमवार, ज्यांच्या टोकाला कुणीच नव्हतं. त्या पांढऱ्या बुटांच्या मुलाने जे पुढे होईल म्हणून सांगितलं होतं, ते कधीच होऊन गेलं होतं. कुणी वाचत नव्हतं आणि चाललं होतं. ती त्यांच्यासाठी छापत होती, ते तिच्यासाठी पैसे भरत होते, आणि मध्ये कागद दर बुधवारी या दारातून त्या दारात जात होता. सुई टोचली आणि निघून गेली. रक्त आलं नाही. तिने चाचपून पाहिलं, गिरणीत कापडावरून हात फिरवायची तसा मनावरून हात फिरवला, एकदा उभा, एकदा आडवा. धागा सुटल्याचं कुठे लागलं नाही. फक्त हलकं होतं. पट्टा सैल केल्यावर पोट जसं आपली जागा घेतं तसं काहीतरी आत आपली जागा घेत होतं, आणि त्यात मोठं, दुःखी असं काहीच नव्हतं, भूक होती. तिने टार्टचे दोन तुकडे खाल्ले.

नंतर त्यांनी तिला त्या डब्यापुढे बसवलं. गास्तोंला एक नंबर पाठ होता, वसंतात हरवलेल्या त्याच्या मादीचा; तो त्याने तिच्या कानाशी सांगितला. तिने टंकला. पडदा वरून खाली, एकेक ओळ करत भरायला लागला, ओर्शिए, ढाबळमालक अमुक, आणि मध्येच थांबला, अर्ध्या आकड्यावर. गिस्लेनची बोटं वर उचलली गेली. पण हा थांबा कुणाचाच नव्हता. तारेत काहीतरी खोळंबलं होतं, एवढंच. ओळ पुरी झाली.

"सापडली होय?" गास्तों विचारत होता. "वाच ना. काय म्हणतोय?"

"ओर्शिएला एकाच्या ढाबळीत आहे. तो म्हणतो, येऊन न्या."

"राहू दे तिथे," गास्तों म्हणाला. "तिला आवडलं असेल." पण त्याने तिच्याकडून तीनदा पत्ता वदवून घेतला.

*सापडली : बाई, करडी, तब्येत ठीक. मालक नाही. परत पाठवण्याची गरज नाही.*

सोमवारी सकाळी रेजिस फ्लामांचा फोन आला. ती भांडी घासत होती. ओल्या हातानेच उचलला.

"मग, मादाम, काय ठरवलंत?"

"पारवा वारला."

"काय सांगता! कधी?"

"काल. जेवताना."

तिला त्याची दया आली. "त्रास झाला नाही त्याला," ती म्हणाली.

"आणि नंबर?"

"त्याच्याबरोबरच गेला. मी आजच कळवते आहे तसं."

"थोडं थांबला असतात तर..." त्याने सुस्कारा टाकला. "दुसरं कुणी तुमच्या माहितीत आहे का? लहानसंच. काहीही चालेल."

गिस्लेनने विचार केला. "तुर्क्वेंला एक गृहस्थ आहेत. पोस्टाच्या तिकिटांवर पत्रिका काढतात. ती कुणी वाचत नाही हे त्यांना चांगलं ठाऊक आहे, आणि त्याचं त्यांना काही वाटत नाही. तुमचं जमेल." तो मनापासून हसला, आणि तिने त्याला पत्ता दिला. फोन ठेवल्यावर घरात नुसती सकाळ होती. सायक्लोस्टाइल यंत्रावर तिने टेबलक्लॉथ टाकला होता. पुढच्या आठवड्यात फेर्नांदचा भाऊ ते त्याच्या शाळेसाठी घेऊन जाणार होता. तिने ओल्या हाताची बोटं पुसली, एकेक. योलांदच्या फोनला अजून शनिवारपर्यंत अवकाश होता. मग तिने स्वतःच फोन फिरवला.

"तू?" योलांद म्हणाली. "सोमवारी? काय झालं?"

"काही नाही झालं. पडदे कुठल्या रंगाचे आहेत त्या खोलीला?"

"पडदे कशाला हवेत? समोर समुद्र आहे, तो काय डोकावणार आहे का?" आणि मग, आवाज बदलून, "येतेस?"

"येते."

ओमेर वारला त्याच्या आदल्या वर्षी, हंगामाच्या जेवणानंतर, त्याने अशीलच्या कॅफेत विचारलं होतं की हा कागद कुणी चालवायला घेता का, आपल्याला त्याचा कंटाळा आलाय. गिस्लेन तेव्हा आत फेर्नांदबरोबर बशा विसळत होती. कुणी हात वर केला नाही.